एकच फेस पावडर, अनेक कामं: ठाणेकर मैत्रिणींचे वारंवार येणारे प्रश्न

लग्नाच्या मेकअपचं ठरवायला येणाऱ्या मुली, त्यांच्या आया, रोज ठाण्याहून ऐरोलीला नोकरीला जाणाऱ्या मैत्रिणी आणि वर्गातल्या विद्यार्थिनी यांच्याकडून फेस पावडरबद्दल पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. प्राइमर (फाउंडेशनखाली लावायचं क्रीम), आयशॅडो बेस, ड्राय शाम्पू (पाण्याशिवाय केसांचं तेल शोषणारा), लिपस्टिक टिकवणारं काहीतरी अशा वेगवेगळ्या वस्तूंवर पैसे जातात. त्यातली बरीच कामं एक बरी पावडर करते. ती कुठे, कोणत्या टप्प्यावर आणि कशाने लावता, यावर तिचं काम बदलतं. आधी साधे प्रश्न घेतले आहेत, अडचणीचे पुढे आहेत. तुमचा प्रश्न थेट सापडला तर तेवढाच वाचलात तरी चालेल.

१. फेस पावडर, कॉम्पॅक्ट, लूज पावडर, टाल्कम पावडर... हे सगळं एकच आहे का?

नाही. टाल्कम पावडर अंगासाठी असते. ती पांढरी आणि सुगंधी असते, गव्हाळ किंवा सावळ्या चेहऱ्यावर भुरकट दिसते आणि फाउंडेशनवर नीट बसत नाही. लूज पावडर म्हणजे सुटी, अगदी बारीक फेस पावडर. तीच थोडा मेणचट किंवा तेलकट पदार्थ घालून डबीत दाबून बसवली की कॉम्पॅक्ट होतो. दोन्हीत घटक साधारण तेच असतात: टाल्क म्हणजे शंखजिरं, अभ्रक, सिलिका, कधी मक्याचा स्टार्च, आणि रंगासाठी आयर्न ऑक्साइड. ट्रान्सलूसंट पावडरमध्ये रंग जवळपास नसतो. पावडर फाउंडेशन मात्र निराळं, त्यात रंग भरपूर असतो आणि त्याचं काम डाग झाकण्याचं असतं. या पानावर 'पावडर' म्हटलं की चमक नसलेली साधी फेस पावडर समजा, लूज किंवा कॉम्पॅक्ट.

२. ताई, एकच घ्यायची तर कोणती घेऊ? आणि शेड कशी ओळखायची?

रोज पर्समध्ये ठेवायची असेल तर कॉम्पॅक्ट घ्या, घरीच वापरायची असेल तर लूज. चमक असलेली घेऊ नका. चमकवाली पावडर नाकावर आणि कपाळावर तेलासारखी दिसते, आणि या पानावरच्या निम्म्या कामांना ती चालत नाही.

शेडसाठी मनगटावर लावून पाहू नका. जबड्याच्या कडेला, चेहरा आणि मान जिथे मिळतात तिथे लावा आणि दुकानाच्या दाराशी येऊन उजेडात पाहा. गोखले रोडला काय किंवा मॉलमध्ये काय, आतल्या पांढऱ्या दिव्याखाली जी शेड बरोबर वाटते ती रस्त्यावर आल्यावर राखाडी निघते. जी त्वचेत दिसेनाशी होते ती तुमची. बिलाची घाई करू नका, एक चक्कर मारून या आणि पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा आरशात पाहा. कारण प्रश्न १२ मध्ये आहे.

'एक शेड गोरी द्या' असं सांगून पावडर घेणाऱ्या मुली मला अजून भेटतात आणि दर वेळी वाईट वाटतं. गोरी शेड चेहरा गोरा करत नाही, मान आणि चेहरा यांच्यात रेघ ओढते. आपल्या बहुतेकींच्या त्वचेत पिवळसर किंवा सोनेरी झाक असते, तिला पिवळसर किंवा पीच झाकेची पावडर खुलवते. अगदी पांढरी ट्रान्सलूसंट पावडर गडद त्वचेवर राखेसारखी दिसते.

३. पावडर नक्की कधी लावायची? सगळ्यात शेवटी ना?

शेवटी नाही, मधे. आधी सगळं ओलं: मॉइश्चरायझर, सनस्क्रीन, फाउंडेशन, कन्सीलर (डाग झाकायचं दाट क्रीम), क्रीम ब्लश. मग पावडर. त्यानंतर सगळं कोरडं: पावडर ब्लश, आयशॅडो, हायलायटर. कोरड्या पावडरवर क्रीम फासलं की खालचा थर सरकतो आणि गोळे होतात.

सनस्क्रीन लावल्यावर दहा मिनिटं तरी जाऊ द्या. तेवढ्यात टिफिन भरून होतो. ओल्या सनस्क्रीनवर पावडर पडली की ती तिथेच चिकटून ठिपके दिसतात, मग पुसायला जावं तर सनस्क्रीनही निघून येतं.

४. पफने लावू, ब्रशने की स्पंजने?

तिन्हींचं काम वेगळं आहे, आणि माझ्या मते पावडरच्या ब्रँडपेक्षा याने जास्त फरक पडतो.

पफने पावडर दाबून बसते, म्हणून जिथे टिकायला हवी तिथे पफ: नाकाच्या दोन्ही बाजू, भुवयांच्या मधली जागा, हनुवटी, वरच्या ओठाच्या वर. पफवर थोडी पावडर घ्या, पफ दुमडून दोन्ही बाजू एकमेकींवर चोळा म्हणजे पावडर पफच्या आत जिरते, मग पोळी लाटताना जास्तीची पिठी झटकतो तसा हाताच्या पाठीवर झटका. त्यानंतर चेहऱ्यावर दाबा आणि उचला. घासू नका. घासलं की खालचं फाउंडेशन सरकतं आणि दोष पावडरला मिळतो.

मोठ्या मऊ ब्रशने पावडर हलकी पडते. गालांच्या बाहेरच्या बाजूला आणि मानेवर एवढंच पुरतं. खरं तर गालांना बहुतेकींना पावडरची गरजच नसते. सगळा चेहरा सारखा मॅट केला की तो सपाट दिसतो, थोडी स्वतःची चकाकी राहू द्यावी.

छोटा, आयशॅडोचा साधा ब्रश डोळ्यांभोवतीसाठी ठेवा. प्रश्न ७ मध्ये तो लागेल. स्पंज ओला करून घट्ट पिळून घेतला तर पावडर पातळ बसते, पण ओला स्पंज कॉम्पॅक्टच्या डबीत टेकवायचा नाही. डबीवर 'ओली-कोरडी दोन्ही' असं लिहिलेलं नसेल तर पाणी लागून वर कडक पापुद्रा धरतो. पावडर आधी हातावर काढा आणि तिथून स्पंजने उचला.

५. मी फाउंडेशन लावतच नाही. नुसती पावडर चालेल का?

अगदी चालेल. रोजच्या ऑफिससाठी मी तर हेच सुचवते. मॉइश्चरायझर, सनस्क्रीन, दहा मिनिटं थांबा, मग रंग असलेली कॉम्पॅक्ट पावडर पफने फक्त मधल्या भागावर. डाग असेल तिथे पफचं टोक दोनदा दाबा. त्यावर काजळ आणि टिकली, झालं. धुतलेल्या कोरड्या चेहऱ्यावर थेट पावडर मात्र लावू नका. तिला धरून ठेवायला खाली काहीच नसतं, दुपारपर्यंत ती कुठे कुठे उरते.

६. फाउंडेशनच्या आधी पावडर लावतात असं पाहिलं. हे उलटं नाही का?

उलटं दिसतं, पण ज्यांच्या नाकावर आणि कपाळावर तासाभरात तेल येतं त्यांना याचा खरोखर फायदा होतो. सनस्क्रीन बसल्यावर फक्त तेल येणाऱ्या जागी अगदी पातळ पावडर दाबा, मग वर फाउंडेशन ओल्या स्पंजने थोपटून लावा. खालची पावडर तेल शोषत राहते आणि फाउंडेशन जागेवर राहतं. वेगळं प्राइमर घ्यावं लागत नाही.

अट एकच. वरचं फाउंडेशन थोपटायचं, हाताने चोळायचं नाही. कोरड्या त्वचेच्या मैत्रिणींनी हा प्रयोग करू नये, त्यांनी थेट प्रश्न १४ पाहावा.

७. माझं काजळ दुपारपर्यंत खाली पसरतं आणि डोळे पांडासारखे दिसतात. वॉटरप्रूफ घेऊनही तेच. काय करू?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. काजळात मेण आणि तेल असतं. डोळ्याखालच्या त्वचेवरचं क्रीम, कन्सीलर आणि घामातला ओलावा ते मऊ करतो, आणि प्रत्येक वेळी डोळा मिटला की थोडं काजळ खाली छापलं जातं. वॉटरप्रूफ काजळ पाण्याला दाद देत नाही, पण तेलाने सुटतं. म्हणून उपाय काजळात शोधू नका, काजळाखालच्या त्वचेवर करा.

डोळ्याखाली क्रीम लावलं असेल तर आधी टिश्यूने टिपून घ्या. मग छोट्या ब्रशवर चिमूटभर पावडर घेऊन खालच्या पापण्यांच्या मुळाशी, अगदी कडेलगत, दाबत जा. डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यात थोडी जास्त, कारण पसरायला सुरुवात तिथून होते. वरच्या पापणीवरही तशीच पातळ पावडर लावा. ज्यांचं आयलायनर वरच्या घडीवर छापलं जातं त्यांची तक्रारही याने थांबते, आणि आयशॅडो लावणार असाल तर तिला वेगळा बेस लागत नाही. आता काजळ लावा. शेवटी काजळाच्या रेघेखाली, काजळाला स्पर्श न करता, पुन्हा एकदा ब्रश टेकवा.

पावडर डोळ्याच्या आतल्या ओल्या कडेवर कधीच जाऊ देऊ नका. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर लेन्स आधी घाला, मेकअप नंतर. डोळ्याजवळ लूज पावडर उडते, म्हणून हे काम कॉम्पॅक्टने केलेलं बरं. डोळे आले असतील तर काजळ, पावडर सगळं बंद.

८. पावडरने लिपस्टिक टिकते हे खरं आहे का? आणि मस्करा?

लिपस्टिकचं खरं आहे. एक थर लावा, टिश्यू दाबून जास्तीचा रंग काढा. मग टिश्यूचा एकच पातळ पदर ओठांवर धरून त्यावरून ब्रशने पावडर फिरवा. कागदातून येते तेवढीच पुरते. वर लिपस्टिकचा दुसरा थर. हळदी-कुंकवाला चहा, मसाला दूध आणि गप्पा झाल्यावरही रंग कडेला टिकलेला दिसेल. आधीच मॅट असलेल्या लिक्विड लिपस्टिकवर हे करू नका, ओठ फुटल्यासारखे दिसतात.

मस्कराच्या दोन थरांमध्ये पापण्यांवर किंचित पावडर लावली तर केस जाड दिसतात. एखाद्या समारंभापुरतं ठीक आहे, रोज करावं असं नाही.

९. ब्लश जास्त झाला की धुऊन परत सुरू करावं लागतं. दुसरा मार्ग?

ज्या पफवर आधीची थोडी पावडर उरली आहे तोच पफ गालावर दाबा. नवी पावडर घ्यायची गरज नाही. रंग एक पायरी खाली येतो आणि कडा मिसळतात. गडद आयशॅडो लावताना तिचे कण गालावर पडतात, त्यासाठी आधी डोळ्याखाली थोडी लूज पावडर सुटी ठेवून द्या. आयशॅडो झाली की कोरड्या ब्रशने दोन्ही एकदम झटकून टाका.

१०. डोळ्याखाली पांढरी पावडर थापून ठेवतात ते 'बेकिंग' रोज करावं का?

रोज नको. बेकिंग म्हणजे कन्सीलरवर पावडरचा जाड थर पाच-दहा मिनिटं ठेवून मग झटकणं. त्वचेच्या उबेने कन्सीलर मऊ होऊन पावडरीत मुरतं आणि पक्कं बसतं. रंगमंचावरच्या मेकअपमधून आणि ड्रॅग कलाकारांकडून (भडक मेकअप करून स्त्रीवेशात कार्यक्रम करणारे) हे तंत्र सगळीकडे पसरलं. प्रखर दिव्यांत आणि दुरून ते सुरेख दिसतं. समोरासमोर, दिवसाच्या उजेडात, तिशीनंतरच्या त्वचेवर ते डोळ्याखालची प्रत्येक सुरकुती मोजून दाखवतं. लग्नातही मी ते फार क्वचित करते, कारण आता पाहुण्यांचे फोन नवरीपासून हातभर अंतरावर असतात.

११. घरून निघताना छान असतं, ऐरोलीला उतरेपर्यंत चेहरा वाहून जातो. दर तासाला पावडर मारू का?

नका मारू. हवेत आर्द्रता इतकी असते की ठाण्याच्या फलाटावर घाम सुकतच नाही, आणि ट्रान्स हार्बर लोकलच्या गर्दीत तर नाहीच. पावडर घाम थांबवत नाही. ती थोडं तेल शोषते, बस. ओल्या चेहऱ्यावर पावडर टाकली की तिचा चिखल होतो, वर पुन्हा घाम, पुन्हा पावडर, आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत नाकाच्या कडेला खपल्या धरतात.

उतरल्यावर ऑफिसच्या एसीत पाच मिनिटं नुसतं बसा. घाम आपोआप थांबेल. मग साधा टिश्यू किंवा स्वच्छ सुती रुमाल चेहऱ्यावर दाबून धरा, पुसू नका. टिपून झाल्यावर आरशात पाहा. बऱ्याचदा एवढ्यानेच चेहरा ठीक झालेला असतो. अजून चमक असेल तर तेवढ्याच जागी पफ एकदा टेकवा. दिवसातून एकदा, फार तर दोनदा.

जून ते सप्टेंबर फाउंडेशन कमी करा. पातळ थर वाहिला तरी कळत नाही, जाड थराचे ओघळ दिसतात. टेंभी नाक्याच्या देवीच्या दर्शनाच्या रांगेत किंवा गरब्याला जायचं असेल तर प्रश्न ६ ची पद्धत वापरा आणि पर्समध्ये पावडरऐवजी टिश्यू जास्त ठेवा. गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेला नऊवारी नेसून उन्हात चालणाऱ्यांनाही हेच सांगते.

१२. लावताना शेड बरोबर असते, तासाभराने चेहरा काळवंडलेला का दिसतो?

कोरडी पावडर आणि तेलाने भिजलेली पावडर यांचा रंग एक दिसत नाही. कोरड्या कणांवरून उजेड विखुरतो म्हणून ती फिकट दिसते. चेहऱ्याचं तेल कणांच्या मधल्या जागेत शिरलं की विखुरणं कमी होतं आणि रंग गडद होतो. तेलकट त्वचेवर हे लवकर होतं. म्हणूनच दुकानात थांबून पाहायला सांगितलं. तुमच्याकडची पावडर असा रंग बदलत असेल तर फेकू नका, आधी टिपून मग लावून पाहा, आणि तरीही गडद दिसली तर रंगहीन ट्रान्सलूसंटचा विचार करा. तिच्यात रंगच कमी असल्याने बदल जाणवत नाही.

१३. पावडर जास्त झाली, चेहरा पिठात बुडवल्यासारखा दिसतोय. आता?

आधी मोठ्या कोरड्या ब्रशने वरून खाली झटका, म्हणजे गालावरची बारीक लव उभी राहत नाही. मग स्पंज ओला करून इतका पिळा की हाताला पाणी लागू नये, आणि चेहऱ्यावर हळू थोपटा. गुलाबपाणी हातभर लांबून फवारून टिश्यूने टिपलं तरी पिठूळपणा जातो. स्प्रे अगदी जवळून मारला की थेंबांचे डाग पडतात.

१४. माझं वय पन्नाशीपुढे आहे, त्वचा कोरडी. पावडर लावली की सुरकुत्या जास्त दिसतात. सोडून देऊ का?

सोडू नका, जागा कमी करा. पावडर कोरड्या त्वचेतला उरलासुरला ओलावाही ओढून घेते आणि रेषांमध्ये जाऊन बसते. मॉइश्चरायझर भरपूर लावून चांगली पंधरा मिनिटं मुरू द्या. मग छोट्या ब्रशने फक्त नाकाच्या कडा, हनुवटी आणि कपाळाचा मध्य. डोळ्याखाली आणि ओठांच्या बाजूच्या हसण्याच्या रेषांवर अजिबात नाही. तिथे कन्सीलर साचलं तर पावडर टाकण्यापूर्वी बोटाने थोपटून ते सारखं करा. काजळासाठी प्रश्न ७ मधली पावडर तुम्हीही लावू शकता, फक्त पापण्यांच्या मुळाशी आणि नावापुरती.

त्वचेचे पापुद्रे निघत असतील तर त्या दिवशी पावडर टाळा. पिंपल सुकत आला असेल तर त्याच्या खपलीवरही नको, ती आणखी उठून दिसते.

१५. साखरपुड्याच्या फोटोत माझा चेहरा पांढराफटक आला, आरशात तर छान दिसत होता. असं का?

हे कॅमेऱ्याच्या फ्लॅशमुळे होतं. सिलिका, टायटॅनियम डायऑक्साइड आणि झिंक ऑक्साइड समोरून आलेला तीव्र प्रकाश थेट कॅमेऱ्याकडे परत पाठवतात. काही 'एचडी' पावडरी जवळजवळ नुसत्या सिलिकाच्या असतात. त्या हाताला रेशमासारख्या लागतात, डोळ्यांना दिसत नाहीत, आणि फ्लॅशमध्ये डोळ्याखाली पांढरे चट्टे उमटतात. झिंक किंवा टायटॅनियमच्या सनस्क्रीनचा जाड थर असेल तर त्याची भर पडते.

समारंभाच्या आधी, निदान आठवडाभर आधी, पूर्ण मेकअप करून खोलीतले दिवे बंद करा आणि कोणाला तरी फोनचा फ्लॅश सुरू करून फोटो काढायला सांगा. पांढरं आलं तर त्या दिवसासाठी त्वचेच्या रंगाची पावडर वापरा आणि पातळ लावा. मेकअप कोणाकडून करून घेणार असाल तर ट्रायलच्या वेळी हा फोटो हक्काने मागा.

१६. नवरीसाठी पावडरचं काही वेगळं असतं का? मुहूर्त सकाळचा आहे.

तीन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात. आदल्या दिवशीच्या हळदीची पिवळी झाक सकाळी चेहऱ्यावर असू शकते आणि मान, कान, हात यांवर ती जास्त टिकते. म्हणून रंगीत पावडरपेक्षा रंगहीन बरी पडते. नाहीतर चेहरा एका रंगाचा आणि कान दुसऱ्या रंगाचे दिसतात.

दुसरं, मुंडावळ्या कपाळावर आणि गालांच्या कडांना सतत घासतात. तिथे पावडर पफने पक्की दाबून घ्या. नथीच्या आजूबाजूलाही तसंच, कारण नवरी ती सावरण्यासाठी दहादा हात लावते.

तिसरं म्हणजे होम आणि रडू. होमाच्या धगीने घाम येतो. नवरीच्या बहिणीच्या किंवा करवलीच्या हातात टिश्यू द्या आणि प्रश्न ११ प्रमाणे फक्त टिपायला सांगा. पाठवणीच्या वेळी डोळे भरतात, ते भरू द्यावेत. टिश्यूचं टोक खालच्या पापणीला लावून पाणी तिथेच शोषून घ्यायचं, गालावर ओघळ उतरला तर दाबून टिपायचा आणि मग त्या रेषेवर छोट्या ब्रशने पावडर. मानेला आणि पाठीला पावडर लावणार असाल तर शालू नेसण्याआधी लावा आणि पूर्ण झटका, रेशमी काठावर तिचे डाग दिसतात.

१७. पावडरवर एसपीएफ लिहिलंय. मग सनस्क्रीन वेगळं कशाला?

एसपीएफचा, म्हणजे उन्हापासून किती बचाव होतो त्याचा, आकडा प्रयोगशाळेत दर चौरस सेंटीमीटरला २ मिलिग्रॅम इतका थर लावून मोजतात. एवढी पावडर कोणी चेहऱ्यावर लावत नाही, लावली तर प्रश्न १३ मधली गत होईल. म्हणून सनस्क्रीन आधी हवंच. एसपीएफची पावडर दुपारी वरून टेकवली तर थोडी भर पडते, पण तिच्या भरवशावर तलावपाळीला उन्हात फिरू नका.

१८. टाल्कने कॅन्सर होतो असं वाचलं. माझ्या कॉम्पॅक्टमध्ये टाल्क आहे. फेकू का?

घाबरून जाऊ नका, पण माहिती असू द्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२४ मध्ये टाल्कला 'माणसात बहुधा कर्करोगकारक' या २ए गटात टाकलं. हा गट पुरावा किती भक्कम आहे ते सांगतो, धोका किती मोठा आहे ते सांगत नाही. त्या अभ्यासांत मुख्य चिंता टाल्क जननेंद्रियांच्या भागात वापरण्याची आणि श्वासातून आत जाण्याची होती. खाणीत टाल्क आणि अ‍ॅस्बेस्टॉस शेजारी सापडू शकतात, त्यामुळे भेसळीचा प्रश्न वेगळा येतो. म्हणून बिननावाची सुटी पावडर घेऊ नये.

मी स्वतः एवढं पाळते: लूज पावडर चेहऱ्यासमोर उडवत नाही, झाकणात काढून तिथून पफवर घेते, आणि लहान मुलांना जवळ बसू देत नाही. मनात शंका राहणार असेल तर टाल्क नसलेल्या पावडरी मिळतात, त्या अभ्रक, सिलिका किंवा स्टार्चच्या असतात. त्याही नाकात जाऊ देऊ नका. दम्याचा त्रास असेल तर कॉम्पॅक्टच वापरा आणि डॉक्टरांचं ऐका.

१९. नवऱ्यामुलाला पावडर लावावी का? तो नको म्हणतो.

फोटो आणि होमाचा विचार करता लावावी, आणि ट्रान्सलूसंटच लावावी, म्हणजे कोणाला कळणारही नाही. कपाळ, नाक आणि टक्कल असेल तर तेही. दाढीवर नको, खुंटांमध्ये पावडर अडकून पांढरी दिसते.

२०. केस धुवायला वेळ नाही. केसांना पावडर चालेल?

भांगाजवळच्या मुळांना, थोडी, ब्रशने. पाच मिनिटांनी बोटांनी चोळून झटका. आपल्या काळ्या केसांवर पांढरी पावडर पिकलेल्या केसांसारखी दिसते, म्हणून रंग असलेली घ्या. एका दिवसापुरता हा उपाय आहे, दुसऱ्या दिवशी केस धुवा.

२१. घरात आई, मी आणि बहीण एकच कॉम्पॅक्ट वापरतो. चालतं का?

पावडर एक चालेल, पफ तीन हवेत. पफवर तेल, घाम आणि मेलेली त्वचा साठते आणि डबीत बंद राहून ओलसर होते. पिंपल्स असणाऱ्या मुलींनी क्रीम बदलण्याआधी पफ बदलून पाहावा. आठवड्यातून एकदा साध्या शाम्पूने धुवा, पिळू नका, टॉवेलमध्ये दाबून पंख्याखाली पूर्ण वाळवा. पावसाळ्यात वाळायला दोन दिवस लागतात, म्हणून एक जास्तीचा ठेवा. घरात कोणाचे डोळे आले किंवा चेहऱ्यावर संसर्ग झाला तर वाटून वापरणं तिथेच थांबवा.

२२. कॉम्पॅक्टवर चकचकीत कडक थर आलाय, पावडर उचललीच जात नाही. खराब झाला का?

बहुधा नाही. पफवरचं तेल पावडरीवर बसून तो थर तयार होतो. सेलोटेप हलकेच चिकटवून उचला किंवा स्वच्छ चमच्याच्या कडेने वरचा पापुद्रा खरवडून टाका. खालची पावडर चांगली असते. थर सारखा येत असेल तर पफ धुवायची वेळ झाली आहे.

वास बदलला असेल, ठिपके दिसत असतील किंवा लावल्यावर खाज येत असेल तर मात्र टाकून द्या. डबीवर उघड्या झाकणाचं छोटं चित्र आणि त्यात १२ किंवा २४ असा आकडा असतो, म्हणजे उघडल्यापासून तितके महिने. शिवाय निर्मितीची तारीख, बॅच क्रमांक, परवाना क्रमांक आणि कधीपर्यंत वापरायची ते छापलेलं असायला हवं. स्टेशनबाहेर अर्ध्या किमतीत मिळणाऱ्या मोठ्या ब्रँडच्या डबीवर हे सगळं नीट वाचता येतंय का ते आधी पाहा. नसेल तर परत ठेवा.

२३. लोकलमध्ये पर्स पडली आणि कॉम्पॅक्टचा चुरा झाला. काही करता येईल?

सोपा मार्ग म्हणजे सगळा चुरा बारीक करून झाकणाच्या छोट्या डबीत भरा आणि लूज पावडर म्हणून वापरा. पुन्हा कॉम्पॅक्टच हवा असेल तर चुरा डबीतच चमच्याने दाबून पूड करा, त्यात आयसोप्रोपिल अल्कोहोलचे काही थेंब टाका, घट्ट लगदा होईल इतकेच. वर टिश्यू ठेवून नाण्याने सगळीकडून सारखं दाबा. झाकण उघडं ठेवून रात्रभर, दमट हवा असेल तर पूर्ण दिवस वाळू द्या. अल्कोहोल पेट घेतं, म्हणून गॅस आणि निरांजनापासून दूर बसून करा. पाणी वापरू नका, त्याने दगड होतो. असा दुरुस्त केलेला कॉम्पॅक्ट आधीपेक्षा थोडा कडक असतो, तेव्हा तो पफने घ्या आणि डोळ्यांजवळ वापरू नका.